एअर फिल्टर: धुवायचा की फेकायचा?

मागच्या आठवड्यात गाडी सर्व्हिसिंगला टाकली, तर मेकॅनिक म्हणाला, "दादा, दर वेळी कागदी एअर फिल्टर कशाला बदलता? धुवायचा घ्या, एकदाच खर्च." मला वाटलं, धुवायचा म्हणजे काहीतरी नवीन असणार. वाचायला बसलो, तर गोष्ट उलटी निघाली.

१९०८ साली फोर्डची 'मॉडेल टी' आली, तेव्हा तिला एअर फिल्टरच नव्हता. कच्चे रस्ते, आणि धूळ थेट इंजिनात. धूळ म्हणजे बारीक वाळूच की! पिस्टन आणि सिलिंडर घासून टाकते.

मग आला ऑइल बाथ. खाली एक वाटी, तिच्यात तेल. आत आलेली हवा तेलापाशी झटकन वळायची. जड धुळीला तसं वळता यायचं नाही, ती तेलात बसायची. उरलेली वरच्या तेलकट जाळीत अडकायची. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला हाच फिल्टर होता. स्वातंत्र्यानंतर महिंद्राने मुंबईत जीप जोडायला घेतल्या, आणि ही वाटी आपल्याकडच्या गॅरेजवाल्यांच्याही हाताखाली आली.

म्हणजे धुवायचा आधी, फेकायचा नंतर! १९५० च्या दशकात अमेरिकी गाड्यांमध्ये घड्यांचा कागदी फिल्टर रुळू लागला. वाटीतला चिखल काढा, नवीन तेल भरा, ही कटकटच संपली. शिवाय कागदावर थोडी धूळ साचली की तो आणखी बारीक गाळतो. फार साचली तर मात्र हवा अडते, मग बदलायचा.

धुवायचा परत आला तो शर्यतींमुळे. १९६९ साली कॅलिफोर्नियात 'के अँड एन' सुरू झाली. तेल लावलेली सुती जाळी, धुवा आणि परत वापरा. रेसरला हवा मोकळी पाहिजे, आणि फिल्टर वेळच्या वेळी धुवायला त्याच्याकडे माणसं असतात.

माझ्याकडे कोण आहे? मीच! तेल कमी लागलं तर धूळ आत जाणार. जास्त लागलं तर हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसणार. ही गाडी मला अजून दहा वर्षं चालवायचीय, आणि माझा आळस मला चांगला माहीत आहे. म्हणून मी कागदीच घेतला.

आणि हो, जुन्या कागदी फिल्टरला जोरात हवा मारून तोच परत बसवू नका. कागद फाटला तर बाहेरून दिसतही नाही, आणि आपण परत १९०८ मध्ये!

चला, भेटू पुढच्या भागात.