पाण्याखालचा सांधा

समुद्राखालून बातमी नेणाऱ्या तारेचा इतिहास सांगतांना जहाजांचें व भांडवलदारांचें वर्णन बहुधा विस्तारानें होतें. परंतु तारेचें आयुष्य अवलंबून असे तें दोन टोकांच्या सांध्यावर. तांब्यास तांबें जोडणें सोपें; त्या जोडांत पाण्याचा थेंब शिरूं न देणें, हेंच खरें कसब.

इ.स. १८३९ मध्यें कलकत्त्याच्या वैद्यक महाविद्यालयांतील रसायनशास्त्राचे अध्यापक डॉ. विल्यम ओशॉग्नेसी यांनीं हुगळी नदींतून तार नेली. तयार आवरण कोठेंच मिळत नव्हतें. त्यांनीं तारेस डांबर फासलें, ती चिरलेल्या वेतांत बसविली आणि वरून डांबरी सूत गुंडाळलें. इतक्या स्वस्त साहित्यानिशीं संकेत पैलतीरीं पोहोंचले.

पुढें १८४३ मध्यें डॉ. माँटगोमेरी यांनीं मलायांतील गटापर्चा या वृक्षाच्या चिकाचे नमुने लंडनला पाठविले. हा चीक गरम पाण्यांत मऊ होई व निवतांच घट्ट बसे. लांबच लांब तारेवर तो यंत्रानें चढवितां येई. पण जहाजावर दोन टोकें जोडतांना माणसाचाच हात लागे. तांब्याचीं टोकें कानशीनें तिरपीं घांसून एकमेकांवर बसवीत, बारीक तारेनें बांधीत व डाक लावून पक्कीं करीत. मग स्पिरिटच्या दिव्यावर दोहों बाजूंचा गटापर्चा ऊन करून बोटांनीं मध्यभागीं ओढून आणीत. त्यावर चॅटर्टनच्या मिश्रणाचा लेप आणि वर गटापर्चाची ऊन पट्टी, असे थर देत. या मिश्रणांत ३ भाग गटापर्चा, १ भाग राळ व १ भाग स्टॉकहोमचें डांबर असे. आंत हवेचा बुडबुडा, धुळीचा कण वा घामाचा ओलावा राहिला, कीं वरून निर्दोष दिसणारा सांधा आंतून फुकट जाई. म्हणून तो पाण्यांत बुडवून विजेनें तपासल्याखेरीज समुद्रांत सोडीत नसत.

ही सावधगिरी अनाठायीं नव्हती. १८५८ ची अटलांटिक तार सदोष आवरणावर विजेचा भारी दाब पडून कांहीं आठवड्यांतच मुकी झाली. उलट १८७० मध्यें ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजानें मुंबईपासून एडनपर्यंत तार घातली आणि त्याच वर्षीं मुंबई-लंडन हा नवा मार्ग पुरा झाला.

या यशाची किंमत मलायांतील अरण्यांनीं दिली. थोड्याशा चिकासाठीं सबंध झाड तोडलें जाई. १९३३ मध्यें पॉलिथीनचा शोध लागला व पुढें गटापर्चा मागें पडला. आज घरच्या घरीं तारेचा जोड साच्यांत ठेवून त्यावर कृत्रिम राळ ओततां येते. साहित्य पालटलें, कसोटी पालटली नाहीं: जोड स्वच्छ हवा, कोरडा हवा आणि त्यांत हवेस थारा नसावा.