काँक्रीट तुळई : दुरुस्ती व बळकटीकरण

तडकलेली, गंजाने पोखरलेली वा भारास अपुरी पडणारी सलोह काँक्रीटची तुळई (बीम) पुन्हा सक्षम करण्याची कामे. गेलेली ताकद परत आणणे ही दुरुस्ती. मूळच्यापेक्षा अधिक ताकद देणे हे बळकटीकरण.

निदान : कार्बन डायऑक्साइड किंवा क्लोराइड सळईपर्यंत पोचले की ती गंजते. गंज मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट जागा व्यापतो. त्यामुळे सळईच्या रेषेत भेगा पडून तिच्यावरचा काँक्रीटचा थर (कव्हर) सुटतो. तुळईच्या मध्यावर खालून वर चढणाऱ्या भेगा वाकण्यामुळे पडतात, तर आधाराजवळच्या तिरप्या भेगा कर्तनामुळे (शिअर). कर्तनाने तुळई अचानक निकामी होत असल्याने या भेगा जास्त धोक्याच्या. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीन फवारल्यास निरोगी भाग गुलाबी होतो, कार्बनीभवन झालेला रंगहीन राहतो.

पद्धती : प्रथम टेकू लावून शक्य तेवढा भार उतरवतात, एरवी दुरुस्तीत चढवलेला नवा थर फक्त पुढे येणाऱ्या भाराचा वाटा उचलतो. पोकळ झालेले काँक्रीट सळईमागेपर्यंत काढून, गंज घासून पॉलिमर मॉर्टर भरतात. स्थिरावलेल्या भेगांत दाबाने इपॉक्सी भरतात. गंज चालूच असेल तर हा उपाय टिकत नाही. जॅकेटिंगमध्ये नव्या सळया व रिंगा बांधून तुळईचा छेद वाढवतात. मात्र तिचे वजनही वाढते. कार्बन तंतूंच्या पट्ट्यांमुळे ही अडचण टळते : स्वित्झर्लंडमधील इबाख पुलावर १९९१ मध्ये १७५ किलो पोलादाचे काम ६.२ किलो पट्ट्यांनी झाले. आणखी एक पद्धत म्हणजे बाहेरून पूर्वताण, म्हणजे ताणलेल्या पोलादी केबलींनी तुळई दाबून धरणे : मुंबई-वाशी जोडणाऱ्या १९७३ च्या ठाणे खाडी पुलाला आतल्या केबली गंजल्यामुळे तो द्यावा लागला.

भूकंपक्षेत्रातील मर्यादा : २२ मे १९९७ च्या पहाटे मध्य प्रदेशातील जबलपूर परिसरात ५.८ महत्तेचा भूकंप झाला. पार्किंगसाठी तळमजला मोकळा ठेवलेल्या काही बहुमजली इमारतींत तळाच्या स्तंभांना जबर इजा झाली. स्तंभांची अशी हानी टळावी म्हणून भूकंपात स्तंभांआधी तुळयांनी नमावे, असे संकल्पनाचे तत्त्व आहे. म्हणून स्तंभ तसेच ठेवून केवळ तुळई जाडजूड केल्यास इमारत अधिक असुरक्षित होऊ शकते. आयएस १८९३ : २०१६ नुसार जबलपूर तिसऱ्या भूकंपक्षेत्रात येते. जिल्ह्यातील मझौलीसारख्या तहसील-गावांत जुन्या घरावर मजला चढवतानाही स्तंभ-तुळईचे हेच तत्त्व लागू पडते. अस्तित्वातील सलोह काँक्रीट इमारतींचे भूकंपाच्या दृष्टीने मूल्यमापन व बळकटीकरण यांसाठी आयएस १५९८८ : २०१३ हे भारतीय मानक आहे.