कॉर्नवॉलमधील कथिल व तांब्याचे खाणकाम

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकावरील कॉर्नवॉल परगणा व त्याला लागून असलेला पश्चिम डेव्हन या किनारी प्रदेशातील एक प्राचीन आणि एकोणिसाव्या शतकात जगात अग्रेसर ठरलेला उद्योग. शतकाच्या आरंभी जगातील तांब्याच्या एकूण पुरवठ्यापैकी सु. दोन तृतीयांश भाग या प्रदेशातून येत असे. शतक संपताना तेथील तांब्याचे उत्पादन जवळजवळ थांबलेले होते व कथिलाचा व्यवसाय मोजक्या खाणींपुरता उरला होता. हा ऱ्हास धातुक संपल्यामुळे झाला, असे म्हणता येत नाही. खोल खाणीतून पाणी उपसण्याचे व कठीण खडक फोडण्याचे जे ज्ञान कॉर्नवॉलने कमावले, तेच ज्ञान तेथील माणसांबरोबर जगभर गेले आणि त्यातून उभ्या राहिलेल्या स्वस्त धातूने मूळ उद्योगाला बाजारातून हटविले.

भूवैज्ञानिक पार्श्वभूमी : या द्वीपकल्पातील स्लेट व तत्सम गाळाच्या जुन्या खडकांत सु. ३० ते २७ कोटी वर्षांपूर्वी ग्रॅनाइटी शिलारसाचे अंतर्वेशन झाले. त्यातून निघालेले उष्ण द्रव खडकांच्या भेगांत शिरून थिजले व धातुकांच्या जवळजवळ उभ्या शिरा तयार झाल्या. ग्रॅनाइटाजवळच्या अधिक तप्त भागात कॅसिटेराइट हे कथिलाचे धातुक आणि त्यापासून दूर, वरच्या भागात कॅल्कोपायराइट व तांब्याची इतर धातुके साचली. त्यामुळे अनेक खाणींत वर तांबे व खाली कथिल असा क्रम आढळतो. या क्रमाला पुढे आर्थिक महत्त्व आले. कॅम्बोर्न-रेडरूथ, ग्वेनॅप, सेंट ॲग्नेस, सेंट जस्ट, कॅरॅडन टेकड्या व टेमर नदीचे खोरे ही प्रमुख खाणक्षेत्रे होत.

पूर्वेतिहास : नदीनाल्यांच्या गाळातून कथिलाचे खडे धुऊन काढण्याची रीत येथे प्रागैतिहासिक काळापासून होती. जॉन राजाने १२०१ मध्ये दिलेल्या सनदेने कथिल-कामगारांचे खास हक्क मान्य केले. त्यांची स्वतंत्र न्यायालये होती व ती १८९६ पर्यंत टिकली. कथिलाच्या लाद्या ठरलेल्या गावी नेऊन, त्यांचा कोपरा कापून कस पाहणे व शिक्का मारून कर घेणे ही पद्धत १८३८ मध्ये रद्द झाली. तांब्याकडे लक्ष वळले ते मुख्यतः अठराव्या शतकात. पितळेच्या वस्तू, नाणी व जहाजांच्या तळांना ठोकावयाचे पत्रे यांमुळे तांब्याची मागणी वाढली. ईस्ट इंडिया कंपनी ब्रिटिश तांबे हिंदुस्थानात आणून विकत असे आणि १७८९ पासून कॉर्नवॉलचे कथिल चीनला नेऊ लागली.

पाणी आणि वाफ : खाणी जसजशा खोल गेल्या तसतशी पाण्याची अडचण वाढली. ग्वेनॅप भागात १७४८ मध्ये खोदण्यास आरंभ झालेल्या निचऱ्याच्या बोगद्याला पुढे अनेक खाणी जोडण्यात आल्या व त्याच्या शाखांची एकूण लांबी ६० किमी. च्या आसपास गेली. त्याच्या पातळीखालचे पाणी मात्र पंपानेच उपसावे लागे. न्यूकोमेनची एंजिने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातच येथे आली. परंतु कॉर्नवॉलमध्ये दगडी कोळसा नाही. तो साउथ वेल्समधून जहाजाने आणावा लागे आणि म्हणून इंधनाची बचत हा येथे खाणीच्या जगण्यामरण्याचा प्रश्न होता. जेम्स वॉटच्या स्वतंत्र संघनकाच्या एंजिनाला येथे १७७७ पासून मोठे गिऱ्हाईक मिळाले ते याच कारणाने. जुन्या एंजिनाच्या तुलनेने वाचलेल्या कोळशाच्या किंमतीचा एक तृतीयांश भाग बोल्टन व वॉट यांना द्यावा लागे. या आकारणीवरून खाणमालकांशी झालेले तंटे वॉटचे एकस्व १८०० मध्ये संपेपर्यंत चालू होते.

त्यानंतर ⇨ रिचर्ड ट्रेव्हिथिक (१७७१–१८३३), आर्थर वुल्फ इत्यादींनी उच्च दाबाची वाफ व तिचे प्रसरण यांचा उपयोग करून ‘कॉर्निश एंजिन’ घडविले. जोएल लीन याच्या पुढाकाराने १८११ पासून निरनिराळ्या खाणींतील एंजिनांची कामगिरी दरमहा छापून प्रसिद्ध होऊ लागली. एक बुशेल कोळसा जाळून किती पौंड पाणी एक फूट उंच चढविता येते, हे कामगिरीचे माप होते. वॉटची चांगली एंजिने सु. दोन कोटींपर्यंत पोहोचत. फाउई कन्सॉल्स खाणीतील एका एंजिनाने १८३५ मधील चाचणीत साडेबारा कोटींचा आकडा गाठला. प्रत्येक खाणीची सुधारणा सर्वांसमोर उघड होत असल्याने एकाची युक्ती दुसरा उचली. हेल येथील हार्वे यांच्या ओतशाळेने बनविलेली अशी एंजिने पुढे परदेशांतही गेली.

भांडवल व विक्री : खाणी बहुधा ‘हिशेबवही’ पद्धतीने चालत. काही भागीदार जमिनीच्या धन्याकडून पट्टा घेत व उत्पन्नातील ठराविक हिस्सा त्यास देत. दर दोन-तीन महिन्यांनी हिशेब मांडला जाई. नफा असल्यास तेथल्या तेथे वाटून टाकीत आणि तोटा असल्यास भागीदारांकडून वर्गणी घेत. नवी खाण काढण्यास ही पद्धत सोयीची होती. परंतु मंदीच्या काळासाठी गंगाजळी मागे राहत नसे. टेमरच्या डेव्हनकडील तीरावर १८४४ मध्ये सुरू झालेली डेव्हन ग्रेट कन्सॉल्स ही खाण तिच्या लाभाचे टोकाचे उदाहरण होय. प्रत्येकी एक पौंडाच्या १,०२४ भागांवर पहिल्याच वर्षी दर भागास ७१ पौंड वाटले गेले.

कथिलाचे धातुक धुऊन समृद्ध करता येत असल्याने त्याचे प्रगलन स्थानिक भट्ट्यांत होई. तांब्याची गोष्ट वेगळी होती. तांब्याच्या धातुकाच्या वजनापेक्षा त्याला लागणाऱ्या कोळशाचे वजन अधिक असल्याने धातुकच जहाजाने स्वॉन्झीस पाठवीत व तीच जहाजे परतताना खाणींसाठी कोळसा आणीत. पोर्टरीथ, हेल व डेव्होरान ही बंदरे आणि त्यांना जोडणारे लोहमार्ग या दुहेरी वाहतुकीवर वाढले. धातुकाचे ढीग लिलावाने विकले जात. प्रगालकांचे प्रतिनिधी आपापला भाव चिठ्ठीवर लिहून देत. खरेदीदार थोडे व विक्रेते पुष्कळ असल्याने भावाची नाडी प्रगालकांच्या हाती राहिली. ती सोडविण्यासाठी १७८५ मध्ये स्थापन झालेली कॉर्निश मेटल कंपनी सात वर्षांत बंद पडली. पुढे चिली व क्यूबा येथील समृद्ध धातुके स्वॉन्झीस येऊ लागल्यावर ही उणीव अधिकच जाणवली.

कामगार : जमिनीखालील कामगारांचे दोन मुख्य वर्ग होते. कूपक व बोगदे खोदणाऱ्यांना खोदलेल्या लांबीवर मजुरी मिळे. प्रत्यक्ष धातुक काढणाऱ्या टोळ्या शिरेचा एक तुकडा ठराविक मुदतीसाठी बोलीने घेत आणि निघालेल्या धातुकाच्या किंमतीतील दर पौंडामागे काही शिलिंग हा त्यांचा मोबदला असे. सर्वांत कमी मागणाऱ्या टोळीस काम मिळे. मेणबत्त्या, सुरुंगाची दारू व अवजारे यांचा खर्च तिच्याच कमाईतून वजा होई. ज्याला शिरेचा अंदाज अचूक बांधता येई, त्याला कधीकधी मोठा लाभ होई. अंदाज चुकल्यास मुदत संपताना तो कर्जात असे. या पद्धतीमुळे कामगार स्वतःला लहानसा कंत्राटदार समजे व एकमेकांशीच स्पर्धा करी. कामगार संघटना येथे उशिरा व दुबळ्या राहिल्या, त्याचे हे एक कारण होय. वर जमिनीवर धातुक फोडणे, निवडणे व कुटणे ही कामे प्रामुख्याने स्त्रिया, मुली व लहान मुले करीत. त्यांतील स्त्रिया व मुली यांना ‘बाल मेडन’ म्हणत. ‘बाल’ हा खाण या अर्थाचा जुना कॉर्निश शब्द आहे.

कामाची पाळी संपल्यावर तीनशे मीटरांहून अधिक खोलीवरून शिड्यांनी चढून येणे, हा या जीवनातील मोठा कष्टाचा भाग होता. रॉयल कॉर्नवॉल पॉलिटेक्निक सोसायटीने बक्षीस लावल्यावर १८४२ मध्ये ट्रेसॅव्हियन खाणीत मायकेल लोम याने वरखाली हलणाऱ्या दांड्यावरील फळ्यांवरून माणसे चढविणारे यंत्र बसविले. खर्चामुळे मोजक्याच खाणींनी त्याचा स्वीकार केला. सुरुंगाच्या अपघातांस विल्यम बिकफर्डच्या १८३१ मधील सुरक्षित वातीने बराच आळा बसला. ईस्ट व्हील रोझ खाणीत ९ जुलै १८४६ रोजी ढगफुटीचे पाणी शिरून ३९ जण बुडाले. मात्र दुर्घटनांपेक्षा अधिक बळी फुप्फुसांच्या रोगाने घेतले. लॉर्ड किनेर्ड यांच्या अध्यक्षतेखाली १८६२ मध्ये नेमलेल्या आयोगाने कोंदट हवा, शिड्यांची चढण व छातीचे विकार यांची तपशीलवार साक्ष नोंदविली. यांत्रिक छिद्रकांचा प्रसार झाल्यावर कोरड्या खडकाची बारीक धूळ वाढली. ट्रान्सव्हालमधील सोन्याच्या खाणींत काम करून परतलेले अनेक तरुण सिलिकामयतेने मरण पावत असल्याचे १९०४ मधील सरकारी चौकशीत स्पष्ट झाले.

ऱ्हास : तांब्याच्या धातुकाचे उत्पादन १८५५–५६ च्या सुमारास शिखरास पोहोचले, ते वर्षाला सु. दोन लक्ष टन होते. १८६६ मध्ये लंडनमधील ओव्हरेंड-गर्नी ही पेढी बुडाली व पत आटली. त्याच काळात चिली, लेक सुपीरिअर व दक्षिण ऑस्ट्रेलिया येथील तांब्यामुळे भाव कोसळले. गंगाजळी नसलेल्या खाणी एकामागून एक बंद पडल्या. एकदा पंप थांबला की खाण काही महिन्यांत पाण्याने भरे व ती पुन्हा उघडण्याचा खर्च बहुधा परवडत नसे. ज्या खाणींनी तांब्याखालील कथिलापर्यंत जाण्याचे धाडस केले, त्या तगल्या. कॅम्बोर्नची डोलकोथ ही खाण व्यवस्थापक चार्ल्स टॉमस यांच्या आग्रहाने खोल नेण्यात आली आणि कथिलाच्या बळावर विसाव्या शतकापर्यंत चालली. सेंट जस्टजवळील बोटॅलॅक व लेव्हंट या खाणींचे बोगदे समुद्रतळाखाली गेले होते. डेव्हन ग्रेट कन्सॉल्ससारख्या काही खाणींनी आर्सेनिकावर गुजराण केली. तथापि १८७१ मध्ये टास्मेनियात माउंट बिशॉफ येथे कथिल सापडले, ऑस्ट्रेलियातील व पुढे मलायातील गाळाचे स्वस्त कथिल बाजारात आले आणि १८७२ मध्ये उंचीवर असलेले भाव १८७८ पर्यंत निम्म्याहून खाली घसरले.

स्थलांतर : मंदीच्या प्रत्येक लाटेबरोबर खाणकामगार परदेशी गेले. मेक्सिकोतील रेआल देल माँते येथे ते १८२५ च्या सुमारासच पोहोचले होते. पुढे क्यूबा, मिशिगन, कॅलिफोर्निया, दक्षिण ऑस्ट्रेलियातील बरा व मूंटा आणि दक्षिण आफ्रिका येथे त्यांच्या वसाहती झाल्या. एकोणिसाव्या शतकात परदेशी गेलेल्यांची संख्या अंदाजे अडीच लक्ष धरली जाते. कॉर्नवॉलची लोकसंख्या १८६१ मध्ये सु. ३.६९ लक्ष होती. ती १९०१ मध्ये सु. ३.२२ लक्षांवर आली. मागे राहिलेल्या कुटुंबांचा निर्वाह परदेशाहून येणाऱ्या पैशावर चाले. कॉर्नवॉलच्या तांब्याला मागे टाकणाऱ्या बऱ्याच खाणी याच माणसांनी उघडल्या होत्या.

भारताशी या इतिहासाचा संबंध कोलारच्या सोन्याच्या खाणींतून येतो. ग्वेनॅपमधील कन्सॉलिडेटेड माइन्स १८१९ मध्ये पुन्हा चालू करणारा जॉन टेलर (१७७९–१८६३) याच्या नावाची जॉन टेलर अँड सन्स ही संस्था १८८० नंतर म्हैसूर संस्थानातील या खाणींचे व्यवस्थापन करू लागली. तिने कॉर्नवॉलमधून कॅप्टन (खाणीवरील देखरेख अधिकारी) व कुशल कामगार आणले. जमिनीखालील मजूर मुख्यतः तमिळ व तेलुगू भाषक होते. खोलीबरोबर येणारे धोके व सिलिकामयता यांचा अनुभव कोलारलाही आला. त्या खाणी २००१ मध्ये बंद झाल्या.

उत्तरकाल : लेव्हंट येथील माणसे चढविणारे यंत्र २० ऑक्टोबर १९१९ रोजी तुटून ३१ जण ठार झाले. विसाव्या शतकात थोड्या खाणी अधूनमधून चालल्या. १९८५ मध्ये कथिलाचा आंतरराष्ट्रीय बाजार कोसळल्यावर त्यांनाही तग धरता आला नाही. कॅम्बोर्नजवळील साउथ क्रॉफ्टी ही अखेरची खाण मार्च १९९८ मध्ये बंद पडली. त्यापूर्वी १९९२ मध्ये व्हील जेन या बंद खाणीतील आम्लयुक्त दूषित पाणी फाल नदीच्या खाडीत शिरले. पंप थांबल्यानंतरही खाणीचा भार त्या प्रदेशावर राहतो, हे त्यावरून दिसून आले. कॉर्नवॉल व पश्चिम डेव्हनमधील खाण-भूदृश्यास युनेस्कोने २००६ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. किनाऱ्यावरील कड्यांवर व माळरानांवर उभ्या असलेल्या एंजिनघरांच्या दगडी भिंती आणि उंच धुराडी हे या उद्योगाचे सर्वांत ठळक अवशेष असून तशीच एंजिनघरे मेक्सिको व दक्षिण ऑस्ट्रेलिया येथेही आढळतात.