पेंग्विन बघून झाले की शेजारच्या इमारतीतही जा

राणीच्या बागेत मुलांना घेऊन जाणाऱ्या सगळ्यांना एक विनंती आहे. गेटातून आत शिरलात की लगेच पेंग्विनच्या रांगेकडे धावू नका. शेजारीच जुनी, देखणी इमारत आहे, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. मुंबईतलं सगळ्यात जुनं संग्रहालय. बुधवारी बंद असतं, एवढं लक्षात ठेवा.

मी तिथे अनेकदा गेलोय. दरवेळी वाटतं, आतल्या वस्तूंइतकीच या संग्रहालयाची स्वतःची गोष्टही ऐकण्यासारखी आहे.

मुळात हा संग्रह फोर्टात, लष्कराच्या बराकीत होता. १८५७ चा उठाव झाला, लष्कराला जागा हवी झाली आणि संग्रह घाईघाईत बाहेर काढला गेला. त्यात बऱ्याच वस्तूंची नासधूस झाली. वर्षानुवर्षं गोळा केलेलं जायला काही दिवस पुरले.

मग गावातली माणसं उभी राहिली. जगन्नाथ शंकरशेट म्हणजे आपले नाना, डॉ. भाऊ दाजी आणि जॉर्ज बर्डवुड. १८५८ ला राज्य कंपनीकडून राणीकडे गेलं होतं. त्या निमित्ताने राणी आणि तिच्या नवऱ्याच्या नावाने संग्रहालय बांधायचं ठरलं, वर्गणी गोळा झाली आणि १८६२ ला पायाभरणी झाली. नाव राणीचं असलं तरी खटपट इथल्या लोकांची होती, हे विसरू नये.

पण १८६५ ला अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, कापसाचे भाव कोसळले आणि मुंबईतला शेअरचा फुगा फुटला. भलेभले धनिक रस्त्यावर आले. त्याच वर्षी नानाही गेले. संग्रहालय उघडलं १८७२ ला. पायाभरणीपासून दहा वर्षांनी! नानांना ते बघायला मिळालं नाही. भाऊ दाजींना मिळालं, पण दोनच वर्षांत, १८७४ ला, तेही गेले.

भाऊ दाजी मूळचे गोव्यातल्या मांद्र्याचे. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीचे डॉक्टर, जुने शिलालेख वाचणारे, कुष्ठरोगावर औषध शोधणारे. त्यांचं नाव संग्रहालयाला मिळायला मात्र १९७५ साल उजाडावं लागलं.

आत गेलात की वरच्या मजल्यावर चढा. मुंबईतल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या, धंद्यांच्या माणसांच्या छोट्या मातीच्या मूर्ती आहेत. पगड्या बघा, साडी नेसायच्या तऱ्हा बघा. साहेबाने आपल्याला कसं कप्प्याकप्प्यांत घालून बघितलं, तेही त्यात दिसतं. मुलांना सात बेटांचा नकाशा दाखवा आणि आपलं घर कुठल्या बेटावर येतं ते शोधायला सांगा. नाहीतर समुद्रात निघेल!

बाहेरचा दगडी हत्ती तर चुकवूच नका. हा घारापुरीचा. याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ ला त्याला विलायतेला न्यायचा घाट घातला होता. क्रेन तुटली, हत्तीचे तुकडे झाले आणि म्हणूनच तो इथे राहिला. पुढे तुकडे जोडून उभा केला. काळा घोडाही १९६५ पासून याच आवारात आहे. फोर्टात आज दिसतो तो २०१७ चा, स्वाराविना.

हे सगळं एवढ्यासाठी सांगतोय की सार्वजनिक वस्तू आपोआप टिकत नाही. जागा कुणाला तरी हवीच असते. पहिल्या महायुद्धात फोर्टातल्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमची नवीकोरी इमारत लष्करी इस्पितळाला दिली गेली. ते संग्रहालय खुलं व्हायला १९२२ उजाडलं. भायखळ्याची ही इमारतही एकेकाळी पार कळकट झाली होती. महापालिका, इन्टॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन एकत्र आले, विकास दिलावरींसारखे वास्तुतज्ज्ञ कामाला लागले, तेव्हा कुठे तिचं रूप परतलं. २००५ ला युनेस्कोनेही त्या कामाचा गौरव केला.

महापालिकेची म्हणजे ही इमारत तुमची-माझी आहे. ओसाड पडलेल्या जागेवर डोळा ठेवणं सोपं असतं. जिथे रविवारी पोरांचा गोंगाट असतो, तिथे हात घालताना कुणीही दहादा विचार करतो.

तेव्हा पेंग्विन बघाच. पण तासभर इकडेही काढा. आणि तुमच्या भागात अशी एखादी जुनी वास्तू दुर्लक्षित पडली असेल, तर खाली कमेंटमध्ये नाव टाका. यादी करू, आणि एकेक करून बघायला जाऊ.