मूल खेळायचे का थांबते?

जव्हार-मोखाड्यातल्या शाळांविषयी बोलताना आपण पटसंख्या, गळती आणि कुपोषण यांची चर्चा करतो. खेळाचा विषय निघालाच तर अगदी शेवटी. ‘ही मुले रोज डोंगर चढतात, पाणी-लाकूड वाहतात, त्यांना आणखी व्यायाम कशाला?’ असेही कोणी विचारते. पण काम आणि खेळ एक नव्हेत. खेळात मूल आपणहून उतरते, नियम ठरवते, भांडते आणि पुन्हा जुळवून घेते.

ही गोष्ट याच परिसरात फार पूर्वी ओळखली गेली होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. पुढे ते डहाणू तालुक्यातल्या कोसबादच्या टेकडीवर गेले. आदिवासी मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच पाड्यावरच्या अंगणात भरली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. मॉन्टेसरीच्या महाग साधनांऐवजी बिया, खडे, शिंपले आले. खेळ हे तिथे शिकण्याचेच साधन होते.

मात्र खेळायला अंगात बळ लागते. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी राज्य हादरले. अन्न कमी पडले की शरीर काटकसर करते. हृदय, श्वसन, मेंदू यांचा खर्च टाळता येत नाही. म्हणून हालचाल कमी होते, वाढही मंदावते. मूल ‘शांत’ दिसू लागते आणि आपण त्याला शहाणे म्हणतो!

१९९५ साली शालेय पोषण आहाराची योजना आली. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने शाळेत शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेला क्रीडांगण आणि खेळाचे साहित्य आवश्यक ठरवले. ताट आणि मैदान यांचा विचार एकत्रच व्हायला हवा. ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे दमवणारी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्याने हाडे, स्नायू, हृदय बळकट होतात. मनही ताजे राहते.

म्हणून मधल्या सुट्टीत आपण मैदानाकडे पाहावे. लंगडी, विटीदांडू रंगात आले असताना कडेला कोण बसून राहते? ते मूल लाजाळू असेल, आजारी असेल किंवा उपाशी असेल. वजनकाट्यापर्यंत पोचण्याआधी ही विचारपूस शिक्षकच करू शकतो.