पत्रकं लिहिणारी बाई

रेचल कार्सनचं नाव निघालं की आपल्याला 'सायलेंट स्प्रिंग' आणि डीडीटी एवढंच आठवतं. जणू ही बाई १९६२ साली एक पुस्तक घेऊन अचानक उगवली! मला मात्र त्याआधीच्या तिच्या सरकारी नोकरीचंच जास्त कुतूहल वाटतं.

१९३२ मध्ये ती प्राणिशास्त्रात एम. ए. झाली. १९३५ मध्ये वडील गेले. घर चालवायचं म्हणून तिनं अमेरिकेच्या मत्स्य विभागात काम धरलं. काम काय, तर रेडिओसाठी समुद्री जीवांवर सात-सात मिनिटांच्या ५२ संहिता लिहायच्या. मग एका पत्रकासाठी तिनं समुद्रावर असं काही लिहिलं, की साहेबच म्हणाले, हे इथे नको, 'अटलांटिक मंथली'ला पाठवा. १९३७ मध्ये तो लेख तिथे छापून आला. त्याच वर्षी बहीण वारली आणि दोन भाच्यांची जबाबदारी आली. दिवसा कचेरीत मासे, पक्षी, अभयारण्यं यांवरची पत्रकं आणि उरलेल्या वेळात स्वतःचं लेखन, असं पुढे कितीतरी वर्षं चाललं. १९४१ चं पहिलं पुस्तक महायुद्धाच्या धामधुमीत फारसं खपलं नाही. १९५१ चं 'द सी अराउंड अस' मात्र तुफान चाललं आणि १९५२ मध्ये तिनं नोकरी सोडली.

आता गंमत बघा. १९४५ मध्ये, डीडीटीचा सगळीकडे उदोउदो चालू असताना, तिच्याच विभागाचे शास्त्रज्ञ मेरीलँडमध्ये पक्ष्यांवर आणि माशांवर त्याचा काय परिणाम होतो ते तपासत होते. त्यावर लेख देते असं तिनं 'रीडर्स डायजेस्ट'ला कळवलं. त्यांनी नको म्हटलं. १९५८ मध्ये एका मैत्रिणीचं पत्र आलं, की डासांसाठी विमानातून फवारणी झाली आणि अंगणातले पक्षी मेले. तेव्हा तो विषय पुन्हा हातात आला. मध्ये तेरा वर्षं गेली होती!

पत्रकं लिहून लागलेली सवय 'सायलेंट स्प्रिंग'मध्ये पानोपानी दिसते. एल्म झाडांवर फवारणी, ती पानं गळून मातीत, माती गांडुळांच्या पोटात आणि गांडुळं रॉबिन पक्ष्यांच्या पोटात... अकरा मोठी गांडुळं खाल्ली तरी पक्ष्याला पुरेसं विष मिळतं, असा हिशेब ती देते. पुस्तकाच्या शेवटी आधारांची यादीच ५५ पानांची! रासायनिक कंपन्या तुटून पडल्या, पण १९६३ मध्ये केनेडींच्या शास्त्रीय सल्लागार समितीच्या अहवालानं तिचं म्हणणं उचलून धरलं. लिहीत असतानाच तिला स्तनाचा कर्करोग झाला होता. ही बाई वैयक्तिक दुखण्यापायी लिहिते आहे असं कुणी म्हणू नये, म्हणून तिनं तो जगापासून लपवला. १४ एप्रिल १९६४ ला ती गेली, अवघ्या ५६ व्या वर्षी.

हे वाचणाऱ्या काका-मावशींना मात्र वेगळंच आठवत असेल. गावात फवारणीवाले यायचे, भिंती पांढुरक्या व्हायच्या, दाराशी तारीख लिहून जायचे. ते खरंच जीव वाचवणारं काम होतं. स्वातंत्र्याच्या वेळी भारतात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असल्याचा अंदाज होता. १९५३ पासून डीडीटीची मोहीम चालली आणि १९६१ मध्ये नोंदलेले रुग्ण पन्नास हजारांच्या आसपास आले. मग कार्सनबाईंचं चुकलं का?

नाही. कारण कीटकनाशकं कधीच वापरू नका, असं तिनं म्हटलेलंच नाही. शेतात, रानात बेसुमार फवाराल तर डास त्याला सरावतील आणि रोगाशी लढायचं हत्यारच बोथट होईल, असं तिनं एक अख्खं प्रकरण खर्चून सांगितलं. १९७६ मध्ये भारतात हिवतापाचे ६४ लाख रुग्ण झाले. त्याला ढिलाई, पैशांची चणचण अशी आणखीही कारणं होती, पण सरावलेले डास हे एक मोठं कारण होतंच. पाखरांबद्दल लिहिणाऱ्या बाईनं माणसांच्या आरोग्याचीच काळजी वाहिली होती.

मला वाटतं, समुद्र आणि डीडीटी हे तिच्यासाठी दोन विषय नव्हतेच. कोण कुणाला खातं, हे ती पहिल्यापासून लिहीत आली होती. पुढे त्या साखळीत विष आलं, एवढंच.

असो. तुमच्यापैकी कुणाकडे त्या फवारणीच्या दिवसांच्या आठवणी असतील, तर जरूर लिहा.