मध्यमवयीन स्त्रियांचा स्निग्ध आहार आणि पोषणशिक्षण

मध्यमवयीन स्त्रियांच्या पोषणशिक्षणात आहारातील स्निग्ध पदार्थांचे प्रमाण व प्रकार यांना विशेष महत्त्व आहे. रजोनिवृत्तीच्या सुमारास इस्ट्रोजेन या संप्रेरकाचे प्रमाण घटते. त्यानंतर रक्तातील एलडीएल कोलेस्टेरॉल वाढू लागते, कमरेभोवती चरबी साठते व हृदयविकाराचा धोका वाढतो. मात्र स्निग्ध पदार्थ सर्वस्वी त्याज्य नाहीत. अ, ड, ई व के ही जीवनसत्त्वे शरीरात शोषली जाण्यासाठी ते आवश्यक असतात.

अमेरिकेतील प्रयोग

या विषयावरील सर्वांत मोठ्या प्रयोगांपैकी एक अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या संशोधन प्रकल्पात झाला. त्यात रजोनिवृत्ती झालेल्या, 50 ते 79 वर्षे वयाच्या 48,835 स्त्रिया होत्या. त्यांपैकी 40 टक्के स्त्रियांना आहारतज्ज्ञांनी छोट्या गटांत शिकवले. पहिल्या वर्षी 18 बैठका व पुढे दर तीन महिन्यांनी एक. एकूण ऊर्जेपैकी केवळ 20 टक्के ऊर्जा स्निग्ध पदार्थांतून घ्यावी, भाज्या, फळे व धान्ये वाढवावीत, असे उद्दिष्ट होते. उरलेल्या स्त्रियांना फक्त छापील माहिती देण्यात आली.

शिकवण्याचा परिणाम झाला, पण तो पुरता टिकला नाही. पहिल्या वर्षी स्निग्धांश सुमारे 24 टक्क्यांपर्यंत उतरला, सहाव्या वर्षी तो पुन्हा 29 टक्क्यांच्या आसपास पोहोचला. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सरासरी आठ वर्षांत हृदयविकार व पक्षाघात यांत लक्षणीय घट आढळली नाही. स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण सुमारे 9 टक्क्यांनी कमी दिसले, पण तो फरक संख्याशास्त्रीय कसोटीवर सिद्ध होण्याइतका नव्हता. पुढील दीर्घ पाठपुराव्यात मात्र या रोगाने होणारे मृत्यू कमी आढळले. प्रयोगाची आखणी झाली तेव्हा एकूण स्निग्धांश घटवण्यावर भर होता. संपृक्त मेद कमी करून त्याजागी असंपृक्त मेद घ्यावा, ही शिकवण त्यात गौण राहिली. ही त्याची मोठी मर्यादा मानली जाते.

भारतीय शिफारशी व महाराष्ट्रातील आहार

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशींनुसार बैठे काम करणाऱ्या स्त्रीने दिवसाला 20 ग्रॅम दृश्य स्नेह, म्हणजे वरून घातलेले तेल, तूप वा लोणी, घ्यावा. मध्यम श्रम करणारीने 25 व जड श्रम करणारीने 30 ग्रॅम. वीस ग्रॅम म्हणजे चहाचे साधारण साडेचार चमचे. स्वयंपाकघरात मात्र तेल चमच्याने क्वचितच मोजले जाते. फोडणीला ते अंदाजानेच पडते. म्हणून घरात महिन्याला किती तेल आले, याचा हिशेब माणशी मांडणे अधिक सोयीचे ठरते: 20 ग्रॅमप्रमाणे एका व्यक्तीस महिन्याला 600 ग्रॅम.

अदृश्य स्नेह सहज नजरेआड होतो. शेंगदाण्यात वजनाच्या जवळपास निम्मे तेल असते. त्यामुळे भाजीतील दाण्याचे कूट, तिळाची चटणी, कोकणातील ओले खोबरे व दुधावरची साय हिशेबात धरावी लागते. उपवासाच्या दिवशी तूप व कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी हलका आहार समजली जाते, हा या हिशेबातला नेहमीचा घोटाळा आहे.

करडई तेलात लिनोलेइक आम्ल व जवसात अल्फा-लिनोलेनिक आम्ल भरपूर असते, शेंगदाणा तेलात ओलेइक आम्ल. म्हणून एकाच तेलावर न विसंबता ती आलटून पालटून वापरावीत. खोबरेल व तूप यांत संपृक्त मेद अधिक असतो. वनस्पती तुपातील ट्रान्स मेद सर्वाधिक हानिकारक. भारतात खाद्यतेल व स्निग्ध पदार्थांतील त्याची मर्यादा जानेवारी 2022 पासून 2 टक्के आहे. तळून उरलेले तेल पुन्हापुन्हा तापवणेही टाळावे.